चौसष्ट की एकशे अठ्ठावीस

मोबाईलच्या दुकानात आपण कॅमेऱ्याचं विचारतो, बॅटरीचं विचारतो, रंगावरून अर्धा तास घालवतो. जागेचा विषय अगदी शेवटी निघतो, बिल करायच्या आधी, आणि तोवर आपल्याला घरी जायची घाई झालेली असते. माझं तसंच झालं. परंड्याच्या बाजारपेठेतल्या दुकानदारानं काउंटरवर दोन सारखेच निळे फोन ठेवले आणि म्हणाला, "म्याडम, चौसष्ट जीबी देऊ का एकशे अठ्ठावीस? फोन त्योच हाय, फकस्त आत जागा डबल."

"चौसष्ट द्या," मी म्हणाले. "मला काय सिनेमे भरून ठेवायचेत?"

सोबत माझे वडील होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. ते स्टुलावर बसून ऐकत होते. म्हणाले, "मोठा घे की. जागा कवाच पुरत न्हाय बघ. गाडी केवढी बी लावा, दारात चार माणसं लोंबतातच."

दुकानदार हसला. मी हसले नाही. फरक दोन हजारांचा होता आणि तो मला परवडत होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर गरिबीची सबब पुढं करता येणार नाही. मला फक्त माझं खरं करायचं होतं. "आण्णा, तुम्हाला ह्यातलं काही कळत नाही," असं मी चारचौघांत म्हणाले आणि चौसष्टचा फोन घेऊन बाहेर पडले.

आण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीमागं बसायचं, आल्यागेल्या गाड्यांची नोंद करायची आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' एवढं ते पुस्तकी बोलायचे, पुढं त्यांची गाडी घसरायची. 'लाल पिशवी इसरलेल्या मावशी, पिशवी माझ्यापाशी हाय, घाबरू नगा.' 'कुर्डूवाडीची गाडी लागली हाय, ढकलाढकली करू नगा, सगळ्यांला नेणार हाय ती.' कुर्डूवाडीतला 'डू' ते एवढा लांबवायचे की चहाच्या टपरीवरची माणसं अर्धा कप संपवून उठायची, तरी त्यांना गाडी मिळायची. निवृत्त झाल्यावर बाजारात त्यांनी भाव विचारला की भाजीवाली मान वर न करता म्हणायची, "आलं का साहेब?" चेहऱ्यानं त्यांना निम्मा गाव ओळखत नव्हता, पण आवाजानं तालुका ओळखायचा. आम्हा भावंडांना त्या आवाजाची लाज वाटायची. घरात ते साधं पाणी मागायचे तेही फलाटावर गाडी लागल्यासारखं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. परंड्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर दोनशिक्षकी शाळा. माझं सासरही परंड्यातच, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळं शाळेतून येताना आण्णांकडं डोकावणं रोजचंच. शाळेत शिकवायचं असतं असं लोकांना वाटतं. आम्ही फोटो काढतो. खिचडी शिजली, फोटो. पोरं हात धुतायत, फोटो. पोरं पंगतीला बसली, फोटो. झाडं लावली की झाडाशेजारी उभं राहून फोटो, संडास धुतला की संडासाचाही फोटो. प्रत्येक फोटोवर वेळ आणि ठिकाण उमटलं पाहिजे आणि तो त्या दिवशीच सरकारी ॲपवरून वर गेला पाहिजे. फोन आमचा, नेट आमचं, जागा आमची.

वर गेलेला फोटो पुसून टाकायला काय हरकत होती? हरकत गुरुजींची होती. आमच्या मुख्याध्यापकांना आम्ही गुरुजीच म्हणतो. एकदा कधीतरी वर पाठवलेले फोटो वरच कुठं गायब झाले आणि शेजारच्या शाळेतल्या एका बाईंना, 'त्या महिन्यात खिचडी शिजलीच नाही' अशी नोटीस आली. बाईंनी फोटो पुसून टाकले होते. तेव्हापासून गुरुजी रोज बजावायचे, "म्याडम, घरचं कायबी उडवा, पर शाळेचा एक फोटो उडवू नगा. ती आपली भाकरी हाय." तालुक्यातला प्रत्येक शिक्षक हेच करतो. आमच्या फोनमध्ये स्वतःच्या लेकरांचे फोटो मोजके सापडतील, पण तीन वर्षांपूर्वीच्या बुधवारची खिचडी वाफेसकट सापडेल.

फोन घेतला तेव्हा हे डोक्यात आलंच नाही. चौसष्टातला बराचसा भाग फोन स्वतःच गिळतो, हेही दुकानदारानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वर्षभरात 'जागा संपत आली आहे' अशी पट्टी यायला लागली. मी गाणी उडवली. मुलीच्या स्नेहसंमेलनातला नाच उडवला. नणंदेच्या डोहाळजेवणाचे फोटो उडवले, ते तिला अजून सांगितलेलं नाही.

त्याच वर्षी आण्णांचा आवाज बसला. आधी आम्ही थट्टेवारी नेलं. आई म्हणाली, बरं झालं, जरा शांतता. हळदीचं दूध झालं, काढा झाला, मध झाला. मग सोलापूरला दाखवलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि आठ दिवसांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. मी शिकलेली बाई, पण 'मग ते बोलणार कसे?' असंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बोलणार नाहीत."

आण्णांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "बिडी म्या वढली, शिक्षा माइकला झाली." हे बोलून स्वतःच हसले. मला तिथं त्यांच्या पाया पडून रडावंसं वाटलं, पण मी त्यांच्यावरच चिडले, ही काय चेष्टेची वेळ आहे का म्हणून. माझा सगळा जन्म असाच चिडण्यात गेला आहे.

सोलापूरला जायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अंगणात खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "तुजा फोन चालू कर. माजा आवाज हितं ठिवून जातो. तुमाला ऐकू वाटंल तवा ऐका. आन् मला ऐकू वाटंल तवा मला बी ऐकव. ऐकवशील न्हवं?"

"ऐकवेन," मी म्हणाले.

आवाज बसलेला होता, तरी त्या सकाळी तो बऱ्यापैकी लागला. पाऊण तास ते बोलले. आधी सगळ्या गाड्या पुकारल्या, सकाळच्या पहिल्या गाडीपासून मुक्कामाच्या गाडीपर्यंत, वेळेसकट. बार्शी, भूम, धाराशिव, कुर्डूवाडी. मग आईला नावानं हाक मारली. आमच्याकडं जुनी माणसं बायकोला नावानं हाक मारत नाहीत, आई तर आतून बाहेरच आली नाही. मग मला, माझ्या भावाला, नातवंडांना एकेक हाक. मध्येच खोकला आला की हात वर करून मला थांबवायचे, पण मी काही थांबवलं नाही, खोकलाही घेतला. शेवटी म्हणाले, "बास. गाडी सुटली."

दवाखान्यात पोचल्यावर मी तो व्हिडिओ पुण्याला भावाकडं पाठवायला लावला. वॉर्डात रेंज धड नव्हती. गोल फिरत राहिला. पाठोपाठ मी लिहिलं, 'आण्णांना उद्या सकाळी आत घेणार.' जरा वेळानं त्याचा अंगठा आला. मी समजले, व्हिडिओ पोचला. अंगठा कशाला होता हे बघायला मी परत वर सरकून पाहिलं नाही. नर्स औषधाची चिठ्ठी घेऊन उभी होती.

ऑपरेशन नीट झालं. आण्णा वाचले. गळ्याला भोक, त्यातून श्वास. घरी आल्यावर मी त्यांना शाळेतली पाटी आणून दिली. ते त्यावर लिहायचे आणि ओल्या फडक्यानं पुसायचे. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी ते लावून काहीतरी म्हटलं, तर आईनं आतून विचारलं, "कोण आलंय गं?" आण्णांनी ते यंत्र खोक्यात घालून कपाटावर टाकलं. पुन्हा हात लावला नाही.

व्हिडिओ कुणीच लावला नाही. माझ्यात हिंमत नव्हती आणि आण्णांनी मागितला नाही. असेल तिथं सुखरूप आहे असं धरून सात-आठ महिने गेले.

मग शाळेत तपासणीचं पथक आलं. न सांगता आलेलं पथक म्हणजे काय हे शिक्षकालाच ठाऊक. चार माणसं गाडीतून उतरली आणि त्यातल्या एकानं सांगितलं, "आत्ता, आमच्यासमोर, खिचडीचे आणि पटाचे फोटो अपलोड करा." मी फोन काढला. ॲप उघडेना. 'जागा शिल्लक नाही.' गुरुजींच्या कपाळावर घाम. साहेब घड्याळाकडं बघतायत. फोननंच विचारलं, मोठ्या फाइली काढून टाकायच्या का, आणि यादी पुढं धरली. सगळ्यात वर ती एक फाईल होती. छोट्याशा चौकोनात पांढरा शर्ट दिसत होता. खाली खिचडीचे हजारो फोटो.

ह्या अर्ध्या मिनिटाबद्दल मी स्वतःशी इतकं भांडले आहे की आता ते जसंच्या तसं सांगता येतं. मला दिसत होतं ते काय आहे. मी विचार केला की भावाकडं आहे, त्याच्याकडून परत घेऊ. खिचडीच्या फोटोंना हात लावायचा विचारसुद्धा मनात आला नाही. खिचडी कुणाकडंच दुसरी नव्हती ना! मी पांढऱ्या शर्टावर बोट ठेवलं आणि उडवलं. तरी जागा झाली नाही. फोन म्हणाला, फाईल कचरापेटीत आहे, तीस दिवस राहील. साहेब म्हणाले, "म्याडम, किती वेळ?" मी कचरापेटीही रिकामी केली. फोननं शहाण्यासारखं विचारलं, 'कायमचं?' मी हो म्हटलं. मग पथकासमोर सात फोटो काढले, सातही वर गेले. साहेबांनी शेरा चांगला दिला. गुरुजींनी सगळ्यांना चहा पाजला.

त्या संध्याकाळी भावाला फोन करून सांगितलं, आण्णांचा व्हिडिओ परत पाठव. तो म्हणाला, "कोणता व्हिडिओ?"

मी मागं सरकत सरकत गेले. तिथं व्हिडिओच्या जागी करडा चौकोन होता आणि त्याखाली 'पुन्हा प्रयत्न करा.' अंगठा खालच्या ओळीला होता. नेटवर आपोआप साठतं म्हणतात, तिथं पाहिलं. तिथली फुकटची जागा केव्हाच भरून गेली होती. कशानं, ते वेगळं सांगायला नको.

रजा टाकून धाराशिवला गेले. तिथं उडालेलं परत काढून देणारा एक दुकानदार आहे असं कळलं होतं. त्यानं फोन दोन दिवस ठेवून घेतला. परत गेले तेव्हा सरळच म्हणाला, "ताई, फाईल उडली तरी तिची जागा लगेच पुसत नाही. पण त्याच जागेवर दुसरं काही बसलं की संपलं. तुम्ही लगेच त्यावर काय भरलं?"

मी म्हणाले, "खिचडी."

त्याला कळलं नाही. तो भला माणूस, त्यानं पाणी दिलं आणि विचारलं, आवाज दुसरीकडं कुठं असेल का? तेही माझं शोधून झालं होतं. स्टँडवरचं पुकारणं कोण कशाला टिपून ठेवतं? माझ्या लग्नाच्या सीडीत आण्णा आहेत, मांडवात उभे राहून व्याह्यांना जेवायला बसवतायत, तोंड सारखं हलतंय, आणि शूटिंगवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वर सनई चढवली आहे.

आण्णांना मी सांगितलं नाही. चार महिने नाही सांगितलं. रोज शाळेतून येताना डोकावायचे, पण फोन पर्समध्ये खोल घालून. त्यांनी पाटी हातात घेतली की मला धडकी भरायची. ते लिहायचे 'चहा घे' किंवा 'ऊन लई हाय', आणि मी सुटायचे. एकदा त्यांनी लिहिलंच, 'माझा आवाज लाव.' मी म्हणाले, "आण्णा, फोन बिघडलाय. जुना झाला. जागाच नाही त्यात." त्यांनी लगेच पुसून लिहिलं, 'तवाच म्हणत होतो.' आणि खाली, 'मोठा घे.' मला समजावत होते ते! त्या क्षणी मी खरं बोलले असते तर थोडी तरी माणसात राहिले असते.

मी मोठा फोन घेतला. दोनशे छप्पन्नचा. त्याच दुकानातून. दुकानदार म्हणाला, "आता जल्मभर भरायचा न्हाय, म्याडम." घरी आल्यावर मी तो उघडून बघितला. जवळजवळ सगळाच मोकळा होता. एवढ्या जागेचं मी काय करणार होते, देव जाणे.

रविवारी सकाळी आण्णांकडं गेले. ते ओसरीवर बसले होते. नवा फोन हातात बघून त्यांचा चेहरा उजळला. पाटी ओढली आणि लिहिलं, 'आता लाव.'

आई आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला. मी खाली त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं. पथक, कचरापेटी, अंगठा. "आण्णा, मी उडवला तुमचा आवाज. माझ्या हातानं उडवला." ते माझ्याकडं बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना आता ओरडता येत नाही हेही मी एक क्षण विसरले आणि वाट बघत राहिले.

त्यांनी 'आता लाव' पुसलं आणि लिहिलं, 'कसा होता?'

मला वाटलं, एवढं तरी आपण देऊ शकतो. मी उठून उभी राहिले, गळा साफ केला आणि पुकारलं. प्रवाशांनी लक्ष द्यावे, परंडा–कुर्डूवाडी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. 'डू' लांबवला. ढकलाढकली करू नगा, सगळ्यांला नेणार हाय ती. शब्द सगळे आले. पण आवाज माझाच येत होता, वर्गात पाढे म्हणून घेते तसा. मी थांबले, आतल्या आत त्यांचा आवाज शोधायला गेले, तर तिथंही मीच बोलत होते.

आण्णांनी डोळे मिटून ऐकलं होतं. डोळे उघडून मान हलवली. लिहिलं, 'असा नव्हता.'

"मग कसा होता, आण्णा?"

त्यांनी पाटी स्वच्छ पुसली. पेन्सिल टेकवली. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. ते अंगणाकडं बघत होते, कपाळाला आठी घालून, जाणाऱ्या माणसाचं नाव आठवावं तसे. आई दारात येऊन उभी राहिली. पेन्सिल तिथंच होती. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि कोरी पाटी माझ्या मांडीवर दिली. त्यांनाही आठवत नव्हतं.